मिटलेल्या डोळ्यांचा फोटो

आप्पांच्या बोटांना कायम टर्पेंटाइनचा वास यायचा. कितीही वेळा हात धुतले, रिठ्यानं घासले, तरी जायचा नाही. ताटावर बसून त्यांनी भाकरी मोडली की जोंधळ्याच्या गरम वाफेतून तो वास वर यायचा, आणि सगळ्यांच्याच घरच्या भाकरीला असा वास असतो अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. आमचं जेवण दिवस मावळायच्या आत. घरात कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, दिवेलागणीनंतर तोंडात घास नाही. त्यामुळं हिवाळ्यात आप्पांची आणि सूर्याची रोज शर्यत लागायची. आमच्या दोन खोल्यांना लागून पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा दिवसभर फट् फट् वाजायचा आणि भिंतीवरच्या फळीतली भांडी त्या तालावर थरथरायची. त्या आवाजातूनही आईला आप्पांच्या सायकलची घंटी बरोबर ऐकू यायची. "आलं बघ तुझं आप्पा," म्हणत ती तवा चुलीवर टाकायची. मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, म्हशीच्या दुधाचं घट्ट दही. आम्ही तिघं न बोलता जेवायचो, कारण खिडकीतलं ऊन भिंतीवर सरकत असायचं आणि ते कोनाड्यापर्यंत पोचलं की ताटावरून उठायचं असा नियम होता.

आप्पा महाद्वार रोडजवळच्या एका फोटो स्टुडिओत रिटचिंगचं काम करायचे. आताच्या मुलांना हे काम काय असतं ते सांगावं लागतं. माडीवर उत्तरेकडच्या खिडकीपाशी त्यांचं उतरतं टेबल होतं. सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिली, दाढीच्या ब्लेडचे तिरके तुकडे, रंगांच्या इवल्याशा बाटल्या आणि कापसाचे बोळे, एवढाच सगळा संसार. देवीचे व्रण ते बुजवायचे. पिचकं नाक सरळ करायचे. भांडून वेगळ्या झालेल्या भावाला घरच्या फोटोतून काढून त्याच्या जागी फुलदाणी ठेवायचे. लग्नाच्या पोरींचे फोटो तर त्यांच्याच हाती यायचे, आणि त्यातल्या कितीजणींची लग्नं आप्पांच्या पेन्सिलीनं जमली याची गणती नाही. रोज सकाळी जैन बस्तीत जाऊन दर्शन घेतल्याशिवाय पाणी न पिणारा हा माणूस दिवसभर बसून लोकांची तोंडं खोटी करायचा. एकदा मी तसं म्हणालेही. ते रागावले नाहीत. "खोटं न्हवं गं," म्हणाले, "देवाच्या हातनं ऱ्हायलेलं भरतोय."

त्यांचं सगळ्यात नावाजलेलं काम होतं डोळे उघडायचं. त्या काळी पुष्कळ माणसं एकही फोटो न काढता मरायची. मग घरचे घाईघाईनं मढ्याचाच फोटो काढून घ्यायचे, आणि भिंतीवर लावायला तो फोटो जिवंत करून द्या म्हणून आप्पांकडं यायचे. आप्पा मिटलेल्या पापण्या ब्लेडनं हलकेच खरवडायचे, तिथं बुबुळं रंगवायचे, ओठांना थोडा रंग द्यायचे. अशा कामाला त्यांनी एक रीत ठेवली होती. फोटोच्या दोन मोठ्या प्रती काढायच्या. एकीवर काम करायचं, दुसरी न शिवता समोर ठेवायची, म्हणजे माणूस हातून निसटत नाही. काम झालं की दुसरी फाडून टाकायची. मेलेल्याचं मेलेलं तोंड कपाटात ठेवू नये, असं ते म्हणत.

मी मॅट्रिक होऊन दोनेक वर्षं झाली होती तेव्हा आप्पांची नजर जायला लागली. काचबिंदू. समोरचं दिसायचं, पण कडेकडेनं अंधार आत येत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं, जे गेलं ते येणार नाही. आप्पांनी हे स्टुडिओच्या मालकांना कळू दिलं नाही. "पोरीला रंग भरायला घेतो जोडीला," एवढंच सांगून त्यांनी मला टेबलाशी आणून बसवलं. वर्षभरातच सगळं काम मी करायला लागले. आप्पा शेजारी बसून हातात ब्रश धरायचे आणि मालक पडद्याआडच्या डार्करूममधून बाहेर आले की फोटोवर वाकायचे. माझा हात चांगला होता, हे मी आज गर्वानं नाही, खेदानं लिहिते आहे. थोडा वाईट असता तर पुढचं घडलं नसतं.

एका दुपारी शाहूवाडीकडचे दोघंजण माडी चढून आले. एक साठीचा, डोक्याला पटका. दुसरा तिशीतला, त्याचा मुलगा. म्हाताऱ्यानं रुमालात गुंडाळलेली निगेटिव्ह टेबलावर ठेवली.

"सून हुती. पाण्याला गेल्ती, पाय घसरून हिरीत पडली," तो म्हणाला. "म्हायेरच्यास्नी यायला उशीर झाला आन् मढं ठेवून चालंना. म्हणून फोटोवाल्याला आणून ह्यो काढून घेतला. म्हटलं, आई-बाला तोंड तरी बघू द्यात."

"नाव काय हुतं?" आप्पांनी विचारलं. मेलेल्याचं नाव विचारल्याशिवाय ते कामाला हात लावू देत नसत.

"शालन," मुलगा म्हणाला. तेवढंच तो बोलला.

"डोळं उघडा," म्हातारा म्हणाला. "आन् गळ्यात काय तरी घाला. बाईमाणसाचा मोकळा गळा बरा दिसत न्हाय."

मालकांनी दोन प्रती काढून दिल्या आणि निगेटिव्ह त्या लोकांनी मागून नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रती उजेडात धरल्या. शालन माझ्याच वयाची होती. ओले केस मागं सारलेले, कपाळावर मोठं कुंकू. पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतलेला, पण एका बाजूनं तो घसरला होता, आणि तिथं गळ्यावर बोटभर रुंदीचा काळपट वळ होता. तो कानाच्या पाळीखालून वर चढत केसांत गेला होता. विहिरीत पडलेल्या बाईच्या गळ्याला असा वळ का असावा हे मला तेव्हा कळलं नाही, असं मी पुढं पुष्कळदा स्वतःला सांगून बघितलं. पण कळलं होतं. बघितल्या बघितल्या कळलं होतं.

आप्पांना मी वळाचं काही बोलले नाही. "गळ्यात काय घालू?" एवढंच विचारलं.

"ठुशी घाल," ते म्हणाले. "ठुशी गळ्यालगत बसती. छान दिसंल पोरीला."

मी ठुशी घातली. वळ जिथून जात होता तिथूनच सोन्याचे मणी ओवत नेले, कानाखालचा भाग खरवडून तिथं केसांची बट सोडली. दोन दिवस लागले. डोळ्यांची पंचाईत होती, कारण तिचे उघडे डोळे मी कधी बघितले नव्हते. शेवटी हातात आरसा धरला आणि माझे डोळे तिला काढले. काळेभोर. फोटो बघून मालक म्हणाले, "आप्पा, तुमच्या हाताला तोड न्हाई." आप्पा माझ्याकडं तोंड करून हसले.

दुसरी प्रत मात्र मी फाडली नाही. फाडायला घेतली आणि हात थांबला. टेबलाच्या खणात टिपकागदांच्या खाली सरकवून ठेवली. पुढं कधीतरी द्यावी असा विचार होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. फाडवेना, बस्स.

परवा मुंबईत माझ्या कामांचं प्रदर्शन झालं. जुन्या बाजारातून आणलेले कुणाकुणाच्या लग्नाचे, बारशाचे फोटो मी ब्लेडनं खरवडते, सुईनं टोचते, वरून रंगाचे थर देते. गेली तीसेक वर्षं हेच करते आहे. तिथं एका तरुण मुलीनं फार आस्थेनं विचारलं की तुमच्या कामातली प्रत्येक खरवड एवढी उघडी, ओबडधोबड का असते? हात तर इतका सफाईचा दिसतो. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. कॅटलॉगमध्ये माझ्याबद्दल छापलं होतं की ही चित्रकर्ती झाकलेलं उघड करते. ते वाचून मी कॅटलॉग मिटून पिशवीत टाकलं आणि घरी येईपर्यंत उघडलं नाही.

शालनच्या सासरची माणसं फोटो घेऊन गेली त्याला पंधरवडा झाला असेल. दुपारचीच वेळ. खाकी शर्टातला, रुंद खांद्यांचा एक माणूस माडीवर आला. तळहाताच्या रेघांत फौंड्रीतली काळी वाळू बसलेली. वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो त्यानं टेबलावर उघडला. शालन माझ्याच डोळ्यांनी माझ्याकडं बघत होती.

"ह्यो हितंच झाला न्हवं? मागं शिक्का हाय."

"व्हय की. बसा, पावणं," आप्पा म्हणाले.

"बसाय आलो न्हाय. मी उचगावचा. हिचा बा." त्याचा आवाज मोठा होता, भट्टीच्या आवाजात बोलून बोलून झालेला. "हिच्या आईनं फोटो हातात घितला आन् म्हणाली, ह्ये डोळं शालनचं न्हवंत. माझी पोर घाऱ्या डोळ्याची हुती. मग माझ्या डोसक्यात उजाडलं. डोळं मागनं काढल्यात म्हंजे आदी डोळं मिटलेला फोटो असणार की. त्यो मला दावा. आमास्नी तोंड बघू दिलं न्हाई त्यांनी. आमी पोचायच्या आत जाळून मोकळं झालं."

"तसला फोटो आम्ही ठेवत न्हाई," आप्पा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हिशेबी तो फाडून झाला होता. "काम झालं की आम्ही काही मागं ठेवत न्हाई. निगेटिव्ह त्यांनीच न्हेली."

"ते देत्यात व्हय? जळाली म्हणत्यात." त्यानं ठुशीवर बोट ठेवलं. "आन् ही कुणाची? मी घातली न्हवती, त्यांनी केली न्हवती. हितं काय हुतं?"

आप्पांना खरंच ठाऊक नव्हतं. मग तो माझ्याकडं वळला. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"बाळ, तू हितंच असतीस न्हवं? तू बघितलीस तिला. काय हुतं गळ्याला?"

तो खण माझ्या गुडघ्याला टेकलेला होता. नुसता ओढायचा होता. त्याच वेळी डार्करूमचा पडदा सरकवून मालक बाहेर आले आणि तिथंच थांबून ऐकायला लागले. काम मी केलं हे कळणार, आप्पांना दिसत नाही हे कळणार, मग पोलीस, साक्ष, शाहूवाडीची ती माणसं, हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं.

"काही न्हवतं," मी म्हणाले. "मोकळा हुता गळा."

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. आप्पांनी पुढं केलेला पाण्याचा तांब्या त्यानं उभ्या उभ्याच रिकामा केला, फोटो पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि "बरं, बाळ" म्हणून जिना उतरला.

त्या संध्याकाळी ताटावर बसल्यावर आप्पांनी भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तोंडाशी नेता नेता थांबवला. "पद्मा, तुझा आवाज फिरल्ता गं दुपारी," ते म्हणाले. "हाय का त्यो फोटो?"

"हाय," मी म्हणाले.

"गळ्याला काय हाय?"

मी सांगितलं. आईनं तोंडाला पदर लावला. आप्पांनी हातातला तुकडा ताटात ठेवला आणि उठून हात धुतले. ताटात टाकलेलं अन्न म्हणजे पाप, असं मला शिकवणाऱ्या आप्पांचं वाढलेलं ताट तसंच राहिलं. गिरणी बंद झाली होती. आई ताटाजवळ बसून राहिली, ते उचलायचं धाडस तिला होईना.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी स्टुडिओत गेले आणि मालकांना सगळं सांगून टाकलं. मला दिसत नाही, वर्षभर काम पोरगीच करत्येय. मी पोचले तेव्हा ते टेबलावरच्या आपल्या पेन्सिली चाचपून रुमालात बांधत होते. मालक म्हणाले, "आप्पा, आधी सांगायचं न्हाई व्हय? पोरगी येऊ दे की कामाला. तिला कोण नको म्हणतंय?" म्हणजे ज्या भीतीपायी मी तोंड मिटलं ती मालकांच्या दोन वाक्यांत संपणारी होती. आप्पा माझ्या खांद्याला धरून जिना उतरले. खाली रस्त्यावर थांबले आणि म्हणाले, "आता तुला भ्यायचं कारण न्हाई. उचगावला जाऊन फोटो देऊन ये. चुकलो म्हण. पाया पड त्यांच्या."

मी गेले. फोटो वहीत घालून, वही छातीशी धरून एस.टी.नं गेले. विचारत विचारत गल्ली काढली. दारात जोत्यावर चार-पाच बायका बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध शालनची आई. कुणी सांगायची गरज नव्हती, तिचे डोळे घारे होते. तिच्या मांडीवर मी केलेला फोटो होता आणि ती तोंडात अंगठा ओला करून फोटोतले डोळे पुसत होती. पुन्हा ओला करायची, पुन्हा पुसायची. एक बाई म्हणत होती, "ऱ्हाऊ दे गं, फाटंल." ते रंग तसे निघत नाहीत. मी बसवलेले होते, मला माहीत होतं.

मी त्या घरावरून तशीच पुढं गेले. गल्ली संपेपर्यंत गेले, दुसऱ्या वाटेनं रस्त्याला लागले आणि परतीची एस.टी. धरली. आप्पा उंबऱ्यात बसून वाट बघत होते. पायांची चाहूल लागताच त्यांनी मान वर केली.

"दिलास?"

"व्हय," मी म्हणाले. "देऊन आलो."

"काय म्हणाला त्यो?"

"काय न्हाई. रडला."

त्या संध्याकाळी आप्पा पोटभर जेवले. ताकाचा पेला दोनदा मागून घेतला.

पुढं नऊ वर्षं आप्पा होते. नजर सगळी गेली, पण ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचे, आणि माझी पोरगी चुकली खरी पण एकटी उचगावला जाऊन चूक कबूल करून आली, असं कुणालाही सांगायचे. मी आत भाकरी थापत ते ऐकायची. शालनच्या नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं असं मालकांकडून कळलं. कुणाला काही झालं नाही. रंगीत फोटोंची यंत्रं आली आणि स्टुडिओतलं हातकाम संपलं. मी एका शाळेत चित्रकला शिकवायला लागले. त्याच दिवसांत एका रविवारी घरी बसून मी स्वतःचा शाळेतला फोटो घेतला आणि त्याच्या तोंडावर ब्लेड चालवलं. काही लपवायला नव्हे, नुसतंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुसरा फोटो घेतला. तिथून हे सगळं सुरू झालं. नाव झालं, परदेशवाऱ्या झाल्या. पण शालनच्या फोटोला मी कधी ब्लेड लावलं नाही, आणि एक वेळ सोडली तर तो कुणाला दाखवलाही नाही.

आप्पा गेले त्याच्या तेराव्या दिवशी नव्हे, महिन्यानं नव्हे, चांगलं वर्ष लोटल्यावर मी पुन्हा उचगावला गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. ज्या आप्पांना मी फोटो दिला म्हणून खोटं सांगितलं होतं ते आता ऐकायला नव्हते, कदाचित म्हणूनच धीर आला असेल. गल्ली तीच, घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब पडला होता. शालनची आई एकटीच घरात होती, केस सगळे पांढरे. मी कोण ते सांगितलं नाही, कोल्हापुरातनं आलेय एवढंच म्हणाले. तिनं विचारलंही नाही. "या, बसा की," म्हणाली आणि आत जाऊन स्टोव्ह पेटवला. शालनच्या वडिलांना जाऊन चार वर्षं झाली होती. फौंड्रीतल्या धुळीनं छाती गेली, असं तिनं चहा गाळता गाळता सांगितलं. भिंतीवर त्यांचा फोटो होता. शालनचा नव्हता.

चहा अर्धा झाल्यावर मी वहीतून फोटो काढून तिच्यासमोर ठेवला. तिनं तो उचलून दारातल्या उजेडाला नेला. मी मागून तिला बघत होते. मग एक बोट उचलून फोटोवरच्या गळ्यावर ठेवलं आणि वळाबरोबर हळूहळू कानापर्यंत नेलं. रडली नाही. परत येऊन माझ्यासमोर बसली.

"ह्ये तुमच्याकडं कवापास्नं हाय?"

"पहिल्यापासून."

"ह्यांनी इचारायला आल्तं तवा?"

"व्हय."

"तू ती पोरगी?"

मी मान हलवली. तिनं फोटो पालथा करून मांडीवर ठेवला, त्यावर दोन्ही हात ठेवले.

"मी म्हणायची, त्या फोटोवाल्यांस्नी ठावं असणार," ती म्हणाली. "धा येळा म्हटलं. पर ह्ये ऐकत न्हवते. मरूस्तोवर म्हणायचे, त्या पोरीला बोल लावू नगंस. बाळ हाय ती, तिच्या तोंडाकडं बघितलंय मी, ती खोटं बोलायची न्हाई."

मी पाया पडायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले. स्टोव्हपाशी मांजर भांडं चाटत होतं, त्याचा आवाज तेवढा घरात येत होता. माझ्या बशीत थोडा चहा उरला होता. तिचं लक्ष बशीकडं होतं. तो मी उचलून पिऊन टाकेपर्यंत ती थांबली.

"झाला न्हवं च्या?" ती म्हणाली. "मग उठा आता."

मी उठले.